घेतलंस ना?

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, पण हसण्यावारी नेऊ नका. ज्यांच्या बाबतीत घडली त्या आजही शाळेत गणित शिकवतात. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणतात.

शनिवार होता. दुपारचा दीड.

तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, मागच्या खोलीत बाईंच्या सासूने प्राण सोडला.

नणंद औषध आणायला खाली गेली होती. तीन वर्षं आईचं सगळं तिनेच केलं होतं.

बाईंच्या नवऱ्याने कपाटातून कागद काढला. घराचं बक्षीसपत्र. 'सुनेच्या सेवेवर संतुष्ट होऊन हे घर तिला देत आहे', असं त्यात टाइप केलेलं. तारीख आदल्या दिवशीची.

"हात धर आईचा."

"अहो, त्या गेल्यात."

"म्हणूनच म्हणतोय. ताई येईल एवढ्यात."

बाईंनी त्यांचा हात हातात घेतला. अजून कोमट होता. नवऱ्याने त्यांच्या अंगठ्याला शाई लावून तो कागदावर टेकवला.

आणि...

त्या बोटांनी बाईंचा हात दाबला. हलकेच. एकदाच.

पुढे दोन आठवडे सगळं शांत होतं.

मग एका शनिवारी बाई शाळेतून लवकर घरी आल्या. घरात चिटपाखरू नव्हतं. मागच्या खोलीतून आवाज आला...

टिंग. टिंग.

वाटीवर चमचा. पाणी हवं असलं की सासूबाई तसंच वाजवायच्या.

बाई गेल्या. खोली रिकामी. वाटीही नव्हती.

वळल्या, तर उजव्या मुठीत काहीतरी गार लागलं.

सासूबाईंचा चष्मा. त्यांना स्मशानात नेलं तेव्हा तो त्यांच्या डोळ्यांवरच होता.

अगदी कानाशी कोणीतरी म्हणालं, "घेतलंस ना, सूनबाई?"

रात्री बाईंनी नवऱ्याला सांगितलं. नवरा म्हणाला, "मनाचे खेळ आहेत."

पुढच्या शनिवारी मुठीत कवळी होती. ओली.

तिसऱ्या शनिवारी मूठ रिकामी होती. आवाज मात्र आला... "हेही घे."

काय ते बाईंना दिसेना. एकदाची सुटका व्हावी म्हणून त्या बोलून गेल्या, "हो, घेतलं."

त्या क्षणापासून घरघर सुरू झाली. बाईंच्या छातीतली, ओली. सासूबाईंची होती तशीच. डॉक्टरांनी तपासलं. फुफ्फुसं स्वच्छ.

बाई वकिलाकडे गेल्या. वकील म्हणाले, "बक्षीस हयातीत द्यावं लागतं. आणि देणारा हयात असतानाच घ्यावं लागतं. नाहीतर ते बक्षीसच नाही."

"आणि मेलेल्या माणसाने दिलं आणि आपण 'घेतलं' म्हटलं, तर?"

वकील हसले. बाई हसल्या नाहीत.

संध्याकाळी त्यांनी नणंदेला सगळं सांगितलं आणि तिच्यासमोर कागद फाडला. नणंद तुकडे गोळा करू लागली.

"आई मागते तरी काय, वहिनी?"

"मागत नाहीत हो, ताई. देतात."

नवरा आधी चिडला. पण रात्रंदिवस ती घरघर ऐकून तोही खचला. त्याने वारसाहक्काचा आपला हिस्सा बहिणीच्या नावे सोडला, रीतसर, नोंदणी करून. दोघं भाड्याच्या घरात राहायला गेली. जुन्या घरात नणंदेला आजवर काही ऐकू आलेलं नाही.

महिन्याने ती वहिनीला भेटायला आली. घरघर चालूच होती. नणंद जवळ सरकली. ऐकत राहिली. मग तिचा चेहरा उतरला.

"वहिनी, जरा श्वास रोखून धरा."

बाईंनी श्वास रोखला. तोंड घट्ट मिटलं.

घरघर थांबली नाही...

"ताई," बाई अगदी हळू म्हणाल्या, "घर परत देता आलं. हे कोणाला परत देऊ?"