पाचव्या दिवसाचं धुणं

सासरे गेले त्याच्या पाचव्या दिवशी मी आणि नणंदेचे यजमान, क्रिसोलोगो भावोजी, धुणं घेऊन नदीवर निघालो. आमच्याकडे मेलेल्याचे कपडे पाचव्या दिवशी धुवावे लागतात, आणि रक्ताच्या माणसाने त्यांना हात लावायचा नसतो. हे काम सुनांचं आणि जावयांचं. रडायचा मान लेकरांचा, गार पाण्यात हात घालायचा मान आमचा. रीतच तशी, तक्रार कोणाकडे करणार?

गाठोडं सासूबाईंनी, फाउस्तिनाआईंनी, स्वतः बांधून दिलं होतं. ते इतकं जड होतं की मी विचारलं, "आई, मामंजींचे एवढे कपडे होते?"

"होते. नदीवर गेल्यावरच गाठ सोड. आणि सगळं धू, काही मागे ठेवू नकोस."

"नेमेसियो कुठाय?" नेमेसियो माझा नवरा, त्यांचा एकुलता मुलगा.

"त्याला ओढ्यापलीकडे बटाटे काढायला धाडलंय. आज घरात नको तो."

मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. माझ्या सासऱ्यांबद्दल ते जिवंत असतानाही कोणी काही बोलत नव्हतं, आणि तेच वाईट होतं. लढाईच्या वर्षांत रात्री बंडखोर यायचे जेवण मागायला, आणि सकाळी सैनिक यायचे, जेवण का दिलं म्हणून विचारायला. तेव्हा सासरे आमच्या गावरक्षकांचे म्होरके होते. त्याच वर्षांत ओढ्यापलीकडची रुमीपाताची वस्ती एका दिवसात रिकामी झाली. सैनिकांना तिकडे घेऊन गेले ते सासरेच. परत आल्यावर त्यांनी सांगितलं, "लोक निघून गेले." गावानेही तेच धरलं. कुठे गेले, हे कोणी विचारलं नाही. त्यांच्या जमिनी मात्र रीतसर वाटून घेतल्या. मी लांबच्या गावाहून लग्न होऊन आले तेव्हापासून त्या जमिनीतले बटाटे खाते आहे. चवीला फार चांगले असतात. सांगताना लाज वाटते, पण खरं ते खरं.

रविवारच्या बाजारात मार्सेलिना मला गाठायची. वस्ती रिकामी झाली त्या दिवशी मेंढरांमागे वर डोंगरात गेली होती म्हणून वाचलेली, रुमीपाताची ती एकटी. तिला जमीन नको होती. "मला फक्त जागा सांग गं," म्हणायची. "हाडं मिळाली की माती देईन आणि गप्प बसेन. तुझा म्हातारा मरायच्या आत विचार त्याला." मी विचारलं. एकदा नाही, त्यांच्या उशाशी बसून पुन्हा पुन्हा विचारलं. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि तसेच गेले. आता रविवारी मी मार्सेलिनाला काय तोंड दाखवणार होते?

नदीवर पोचलो तेव्हा दुपार होती, तरी धुकं खालून वर चढत होतं. भावोजींनी नदीच्या मानाची कोकाची पानं पाण्यात सोडली आणि दारूच्या बाटलीचं बूच काढलं.

"पहिला घोट नदीला, दुसरा म्हाताऱ्याला, बाकीचे या गरीब जावयाला," ते म्हणाले. "घे वहिनी, आता हाक मार."

धुवायच्या आधी मेलेल्याला हाक मारायची असते. पूर्ण नाव घ्यायचं, आईबापांच्या आडनावांसकट, म्हणजे तोच येतो, आपले कपडे घेतो आणि वाटेला लागतो. मी तोंड उघडलं. पण त्या माणसाचं नाव माझ्या जिभेवर येईना. भिंतीकडे फिरवलेली ती पाठच दिसायला लागली. माझा राग उसळला आणि मी नदीकडे बघून ओरडले, "ज्याचे असतील त्याने यावं आणि घेऊन जावं!"

भावोजींच्या हातातली बाटली तोंडाशीच थांबली. "नाव घे वहिनी. यात चेष्टा नको."

"झालं माझं बोलून," मी म्हटलं आणि गाठ सोडली.

वर सासऱ्यांचे डोक्यातून घालायचे दोन लोकरी पोंचो होते, विजार होती, टोपी होती. त्याखाली बायकांचे घागरे होते. त्यांना हिरव्या दोऱ्याचा काठ होता. तसा काठ आमच्या गावात कोणी घालत नाही. तो मी एकाच बाईच्या घागऱ्याला बघितला होता, रविवारच्या बाजारात. घागऱ्यांखाली पुरुषांचे सदरे, एका म्हातारीची शाल, आणि सगळ्यात खाली लहान मुलांचे कपडे. काही कापडं वाळून कडक झालेली, नीट उलगडतही नव्हती. काहींना भोकं होती, आणि ती कसरीने केलेली नव्हती.

पुरण्याआधी अंगावरून उतरवून घेतले होते. उद्या कोणी खणलंच तर हाडं कोणाची ते कळू नये म्हणून.

"वहिनी..." भावोजी कुजबुजले. "बांध ते. चल इथून..."

"आई म्हणाल्या, सगळं धू."

"आई म्हणेल काहीही! तू हाक काय मारलीस, आठवतंय ना?"

आठवत होतं. पण हात थांबले नाहीत. जिच्या शेतातलं मी खाल्लं तिचा घागरा माझ्या हातात होता, तो तसाच मळका परत बांधायचा? मी रडत रडत धूत राहिले. थोड्या वेळाने भावोजीही गुडघाभर पाण्यात उतरले. पाणी किती वेळ गढूळच येत होतं. शेवटी आम्ही सगळे कपडे काठावरच्या झुडपांवर पसरले आणि त्यांच्याकडे पाठ करून बसलो. वाळेपर्यंत बघायचं नसतं.

धुकं आमच्यावरून गेलं. समोरची नदी दिसेनाशी झाली, नुसता आवाज उरला. मग मागून दुसरा आवाज आला. ओला घागरा नेसण्याआधी बाई झटकते ना, तसा. एकदा. मग आणखी एकदा, जरा लांबून. ओल्या लोकरीचा वास आला आणि त्यात चुलीचा धूर. त्या काठावर कोसभर चूल नाही. एक लहान मूल खोकलं आणि कोणीतरी त्याला हळूच चूप केलं.

"बघू नकोस..." भावोजी म्हणाले. त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की वळ उठले.

धुकं विरळ झालं तेव्हा आम्ही वळलो. झुडपं रिकामी होती. सासऱ्यांचे कपडे तेवढे खाली चिखलात पडले होते, पायांनी तुडवलेले. ते कोणी नेले नव्हते, सासऱ्यांनीही नाही. आणि एका सपाट दगडावर लहान मुलाचा एक स्वेटर होता. तपकिरी लोकरीचा, छातीवर लांब मानेच्या पांढऱ्या लामा जनावरांची रांग. मी तो झुडपावर पसरला होता. आता त्याची व्यवस्थित घडी घातलेली होती.

"याचा मालक नाही आला," मी म्हटलं.

"मग तो जिवंत असेल," भावोजी सहज बोलून गेले, आणि सासऱ्यांचे कपडे चिखलातच सोडून वाटेला लागले.

सासूबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं.

"कपडे?"

"ज्यांचे होते ते घेऊन गेले, आई."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, त्यांना हायसं वाटलं. कधीतरी ज्याचं त्याला पोचावं म्हणूनच तर त्यांनी ते गाठोडं इतकी वर्षं जाळलं नव्हतं. मग मी शालीतून स्वेटर काढला.

"हा राहिला. घडी घालून ठेवला होता."

त्यांनी तो हिसकावून घेतला आणि पोटाशी धरला. "कोणाला दाखवलास? बोल, कोणाला दाखवलास?" त्यांचा आवाज चिरकला. "चुलीमागे लपला होता गं तो. चार वर्षांचं पोर. सैनिकांना दिसला नाही, ह्यांना दिसला. पोंचोखाली झाकून आणला. माझ्या कुशीला मुलगा नव्हता... मी काय करायला हवं होतं? परत नेऊन द्यायला हवा होता?"

तेवढ्यात अंगणात पावलं वाजली आणि नेमेसियो बटाट्यांचं पोतं खांद्यावर घेऊन आत आला. सासूबाईंनी स्वेटर शालीखाली लपवला.

"काय भूक लागलीय!" तो म्हणाला आणि चुलीपाशी बसला. "आज धुक्यात कोणीतरी सारखं हाका मारत होतं. बाई होती. अपोलिनार, अपोलिनार. आपल्या गावात आहे का कोणी या नावाचा?"

सासूबाईंनी शालीखालचा स्वेटर आणखी घट्ट दाबून धरला. मीच विचारलं, "तू... ओ नाही ना दिलीस?"

"दिली की," तो म्हणाला, आणि स्वतःलाच नवल वाटल्यासारखा हसला. "नाव माझं नाही, तरी तोंडातून ओ निघूनच गेली बघ. इतकी मायेने हाक मारत होती ती."

त्यांना मी बोलावलं होतं. रागाच्या भरात, एका माणसाचं नाव घ्यायला जीभ जड झाली म्हणून. मी त्याच्यापुढे सुपाचा वाडगा ठेवला.

सासूबाई उठल्या. त्यांनी दार लावलं, अडसर घातला आणि दाराला पाठ टेकून उभ्या राहिल्या. बाहेर अजून संध्याकाळचा उजेड होता. दाराखालच्या फटीतून तो आत येत होता, पण सलग नाही. मध्ये मध्ये अनवाणी पावलं उभी होती, एकमेकांना खेटून. आमचा कुत्रा अंगणात होता, आणि तो भुंकत नव्हता.

नेमेसियोने वाडग्यातून मान वर केली.

"दार का लावलंस, आई? मी सांगितलंय त्यांना, जेवून येतो म्हणून."