तंबू का फाटला?

हिमनदीवर शोध घेणाऱ्या यंत्रमानवांना शर्वाणीच्या बाबांच्या दोनच वस्तू सापडल्या. पाठीवरची सॅक आणि तंबू. बाबा सापडले नाहीत.

सॅक खडकांवरून घसरत दरीत गेली होती, तरी तिला नुसते ओरखडे होते. तंबू मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत फाटला होता.

"आजोबा, दोन्ही नायलॉनचेच ना? मग असं का?"

आजोबा इचलकरंजीच्या प्रयोगशाळेत आयुष्यभर कापडावर संशोधन करत आले होते. त्यांनी मुलाचा तंबू टेबलावर उलगडला.

"नायलॉन एकच, सूत वेगळं. नऊ हजार मीटर सुताचं वजन जितके ग्रॅम, तितका त्याचा डेनिअर (सुताच्या जाडीचं माप). सॅकचं सूत हजार डेनिअरचं. ते घासलं तरी चटकन झिजत नाही. तंबूचं जेमतेम तीस."

"मग तंबूही जाड करायचा!"

"एवढं ओझं घेऊन डोंगर कसा चढणार, बाळ?"

त्यांनी ताणू या यंत्रमानवाला दोन पातळ कापडं दिली. ताणूने दोन्हींना कात्रीने चीर दिली आणि ओढलं. पहिलं टर्रकन फाटत गेलं. दुसऱ्यातली चीर जराशी सरकली आणि थांबली. शर्वाणीने भिंगातून पाहिलं. कापडात बारीक चौकटी होत्या.

"याला रिपस्टॉप (चीर अडवणारी वीण) म्हणतात. थोड्या थोड्या अंतरावर उभे-आडवे जाड धागे. शेतातलं पाणी बांधाशी अडतं, तशी चीर त्यांच्याशी अडते."

बाबांच्या तंबूत चौकटी नव्हत्या.

"बाबांना हे माहीत नव्हतं?"

आजोबांनी फाटक्या तंबूची घडी घातली.

"माहीत होतं. चौकटींचा तंबू मीच त्याला दिला होता. वादळ येतंय म्हटल्यावर त्याने तो बरोबरच्या दोन नवख्या मुलींना दिला आणि त्यांचा साधा तंबू स्वतः घेतला. दगड लागून त्यांच्याही तंबूला भोक पडलं. पण ते वाढलं नाही. त्या परत आल्या."

शर्वाणी त्यांच्या कुशीत शिरून रडली. आजोबाही रडले.

मग डोळे पुसत ती म्हणाली, "सगळ्यांकडेच तसा तंबू असता, तर बाबांना आपला द्यावा लागला नसता."

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं. बाबा गेल्यापासून त्यांनी कोपऱ्यातल्या हातमागाला हात लावला नव्हता. ते उठले.

"आणखी हलकं, आणखी स्वस्त रिपस्टॉप विणून बघू या. ये, धागा धर."

शर्वाणीने धागा घट्ट धरला.