डाव्या हाताचं पिस्तूल

हेझलबाईंच्या दुकानात काउंटरवर निळसर मखमलीच्या तुकड्यावर एक पिस्तूल ठेवलेलं होतं. माझा हात त्याच्याकडे वळायला आणि मागून कोणीतरी "ते अजून विकायचं ठरलेलं नाही" असं म्हणायला एकच गाठ पडली.

मी वळून पाहिलं. उंच, उन्हाने रापलेला, दोन दिवसांची दाढी. उजवा हात कोटाच्या खिशात. मार्चमधला शनिवार होता, बाहेर बर्फ वितळून सगळ्या गावाचा चिखल झालेला, आणि या गृहस्थांच्या बुटांवर तो सगळा चिखल आलेला.

"ठरलेलं नाही, तर मग काउंटरवर कशाला मांडलंय?" मी म्हणाले.

"पोरी, विकायलाच आणलंय त्याने," हेझलबाई म्हणाल्या. सत्तरी उलटलेल्या, पण मोन्टानातल्या आमच्या कोपऱ्यात बंदुकीबद्दल त्यांचा शब्द शेवटचा. "बघ तू. तासभर झाला, हा नुसता 'विकतो – नाही विकत' करतोय."

त्यांनी पिस्तूल उचललं, वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, मागे ओढून ते रिकामं असल्याचं मला दाखवलं आणि माझ्या हातात दिलं. मी ते पुन्हा स्वतः तपासलं. खिशातल्या हाताच्या मालकाने ते पाहिलं, आणि त्याच्या डोळ्यांत काहीतरी हललं... पसंतीचं.

अक्रोडाच्या लाकडाची मूठ, वर्षानुवर्षांच्या वापराने गुळगुळीत झालेली. माझ्या तळव्यात ती अशी बसली, की ती परत ठेववेना.

"कुणाचं आहे हे?"

"एमेट स्ट्रँड," तो म्हणाला.

"अरेच्चा! पेटी क्रमांक एक्केचाळीस!" मी हसले. "बियाण्यांचे कॅटलॉग, ट्रॅक्टरच्या भागांची पार्सलं, आणि दर महिन्याला आत्याचं जांभळ्या शाईतलं पत्र. तुमच्या पेटीचा खांब डावीकडे कललाय, ठाऊक आहे ना?"

"तुम्ही...?"

"ब्रिटा हॉगन. तुमचं टपाल मी टाकते. रोज नव्वद मैल, आणि त्यातली शेवटची पेटी तुमची."

तो हसला नाही, पण हसू कुठेतरी जवळपास आलं असावं. "मग घ्या तुम्हीच ते पिस्तूल. निदान ओळखीच्या माणसाकडे जाईल."

"इतकं चांगलं पिस्तूल कोणी विकतं का? आणि एक सांगू? बाईमाणसाशी बोलताना हात खिशातून बाहेर काढायची पद्धत आहे आमच्याकडे."

हेझलबाईंनी घसा खाकरला.

त्याने हात बाहेर काढला. अंगठा होता, शेवटची दोन बोटं होती. तर्जनी आणि मधलं बोट नव्हतं. "मागच्या ऑक्टोबरात," तो शांतपणे म्हणाला. "गवताचे गठ्ठे बांधायचं यंत्र अडकलं होतं. मी बंद न करताच हात घातला. चूक माझीच. आता चाप ओढायला बोटच नाही, म्हणून विकतोय."

त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं. इतके महिने लोक काय म्हणत आले असतील, ते तो ऐकायच्या तयारीत उभा होता. अरेरे, बिचारा, देवाची इच्छा...

"बरं," मी म्हणाले. "मग डावा हात कुठे गेलाय तुझा?"

'तुझा' कसं निघून गेलं, मलाच कळलं नाही.

आणि मग तो हसला – खांदे हलवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. हेझलबाई पाठ फिरवून काडतुसांची खोकी उगाचच सारखी करत बसल्या.

"पिस्तूल मी घेते," मी म्हणाले. "पण एका अटीवर. पुढच्या शनिवारी तू माझ्याबरोबर यायचंस. तुझ्या डाव्या हाताला शोभेल असं दुसरं शोधायला."

"आणि नाही आलो तर?"

"तर हे इथेच मखमलीवर पडून राहील, आणि तू दर आठवड्याला येऊन तासभर 'विकतो – नाही विकत' करत बसशील."

तो आला.

मग एप्रिल-मेचे सगळे शनिवार आमचे झाले. या गावचं दुकान, त्या गावचं दुकान. दुकानाच्या मागे नेमबाजीची जागा असली की भाड्याने पिस्तूल घेऊन पन्नास गोळ्या झाडायच्या, मग समोरच्या हॉटेलात बर्गर आणि एकाच बशीत हकलबेरीचा 'पाय', म्हणजे रानफळांचं सारण भरलेला गरम केक. एकच बशी का, तर म्हणे डाव्या हाताने खायची सवय व्हायला वेळ लागतो, अख्खा तुकडा थंड होतो. थापा! डाव्या हाताने तो माझ्यापेक्षा जास्त खात असे.

एखादं पिस्तूल निवडणं म्हणजे काय, हे मला त्या दिवसांत खरं कळलं. मी मुठीवरून ठरवणारी. हातात बसलं की बसलं. एमेट आधी लांबून पाही, मग हुंगी – हो, तेलाचा वास! – मग डोळे मिटून हात वर करी आणि डोळे उघडून बघे, की नळी आपोआप जिथे हवी तिथे वळली आहे का.

"तू पिस्तूल बघतोयस की घोडा विकत घेतोयस?" मी विचारी.

"घोडा लाथ मारायच्या आधी कान मागे घेतो. हे ते पण करत नाही."

अडचणी खूप होत्या. जग उजव्या हाताच्या माणसांनी बनवलंय. मॅगझिन सोडायचं बटण चुकीच्या बाजूला, सुरक्षेचा खटका चुकीच्या बाजूला. रिव्हॉल्वर पाहिलं, तर त्याचं चक्र डावीकडे उघडतं. तीन बोटांच्या उजव्या हाताने स्लाइड मागे ओढायची, तर बहुतेक स्प्रिंगा त्याच्याशी भांडत. एकदा तर त्याने पहिली गोळी झाडली आणि रिकामी, तापलेली पुंगळी उजवीकडे उडून थेट माझ्या कॉलरमधून आत गेली.

मी नाचले. दुसरा शब्द नाही त्याला. आवाज अडवणारी, हेडफोनसारखी कानावरची झाकणं घसरली, चष्मा तिरका झाला, आणि शर्ट झटकत मी गोल गोल फिरले. एमेटने आधी पिस्तूल रिकामं केलं, खाली ठेवलं, नळी समोर आहे याची खात्री केली... आणि मगच माझ्याकडे धावला.

"आधी मला वाचवायचं की पिस्तूल?" मी ओरडले.

"आधी पिस्तूल. म्हणजे तुला वाचवायला दोन्ही हात मोकळे." तो गंभीरपणे म्हणाला. मग माझ्या गळ्याजवळचा छोटासा लाल डाग बघत हळूच म्हणाला, "फार भाजलं का ग?"

भाजलं होतं. पण गळ्याजवळ नाही.

जूनमध्ये बिलिंग्ज शहरातल्या बंदुकांच्या प्रदर्शनात ते सापडलं. शेवटच्या रांगेत, एका म्हाताऱ्या जोडप्याच्या टेबलावर. लहान काडतुसाचं, लांब नळीचं, बटणं दोन्ही बाजूंना. स्लाइड इतकी हलकी, की त्याच्या अंगठ्याने आणि करंगळी-अनामिकेने सहज मागे आली. त्याने डोळे मिटले, हात वर केला, डोळे उघडले. पिस्तूल माझ्या हातात दिलं – "तू सांग."

मी मूठ धरली. ती मला मुळीच बसत नव्हती. "माझं नाही हे," मी म्हणाले. "नक्की तुझंच आहे."

टेबलामागची म्हातारी नवऱ्याला कोपराने ढोसत म्हणाली, "बघितलंस? आपण तीस वर्षं भांडतोय. हे दोघं बघ कसे घेतात."

एमेटचे कान लाल झाले. माझेही झाले असावेत... पण माझे केस मोकळे होते.

इथे सगळं सुरळीत झालं असतं, तर ही गोष्ट सांगण्यासारखी राहिली नसती. जुलैमधल्या एका गुरुवारी संध्याकाळी त्याच्या जुन्या नेमबाजी क्लबात तो पहिल्यांदा सगळ्यांसमोर डाव्या हाताने उभा राहिला. आठ लोखंडी पाट्या. दोन वर्षांपूर्वी तो त्या चार सेकंदांत पाडायचा. आज पहिली चुकली. दुसरी चुकली. तिसरी लागली, चौथी चुकली. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. त्याचा जुना सोबती लॉइड पुढे आला आणि अगदी प्रेमाने म्हणाला, "एमेट, तुझ्या पाट्या थोड्या जवळ सरकवू का रे?"

एमेटने पिस्तूल रिकामं केलं, पेटीत ठेवलं, लॉइडचे आभार मानले आणि निघून गेला. पुढच्या शनिवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. फोन उचलत नव्हता. टपालाच्या पेटीपाशी कोणी दिसत नव्हतं.

मी काय, दार ठोठावून रडणारी नाही. सरळ पत्र लिहिलं:

"श्री. एमेट स्ट्रँड यांस. लॉइडने तुझी कीव केली, त्याची शिक्षा मला का? शनिवारी दहा वाजता मी क्लबाच्या मैदानावर असेन. – ब्रिटा."

त्याला तिकीट लावलं. पोस्टात नेऊन शिक्का मारला, कारण तिकिटाशिवाय कोणाच्या पेटीत काही टाकणं गुन्हा आहे आणि मी सरकारी नोकर. मग नव्वद मैल फिरून स्वतःच्या हाताने त्याच्या पेटीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी पेटीवरची लाल पट्टी वर – म्हणजे आत न्यायचं टपाल आहे! आत पाकीट. तिकीट लावलेलं, माझं नाव. आता नियमाने ते आधी पोस्टात जायला हवं. एकवीस मैल ते पाकीट माझ्या शेजारच्या सीटवर बसून आलं. मी त्याच्याकडे बघत होते आणि रस्ता कसा संपत नव्हता! पोस्टात शिक्का मारला, माझ्या खणात टाकलं, खण बंद केला. मग उघडला आणि काढलं.

"तुला शिक्षा नको, म्हणून येतो. पण पाट्या आहेत तिथेच राहतील. – ए."

त्या शनिवारी मैदानावर वारा होता आणि गवतात पक्षी ओरडत होते. दोनशे गोळ्या झाडल्यावर आम्ही त्याच्या गाडीच्या मागच्या फळीवर पाय सोडून बसलो.

"ब्रिटा, एक विचारू? पहिल्या दिवशी तू माझी कीव का नाही केलीस?"

"मी कामात होते," मी म्हणाले. "तू मला आवडत होतास. दोन्ही एका वेळी जमत नाही मला."

त्याने माझ्याकडे पाहिलं. अगदी सावकाश, नेम धरताना पाहतो तसं – घाई नाही, डोळा हलत नाही. आणि मग त्याने मला जवळ घेतलं. त्याच्या कोटाला तेलाचा, दारूगोळ्याचा आणि वाळल्या गवताचा वास होता. मलाही तो हुंगावासा वाटला, आणि मी हुंगला.

सप्टेंबरात क्लबाचा जोडीचा सामना झाला. चौदा जोड्या. आठ पाट्या तिच्या, आठ त्याच्या, आणि एकाने दुसऱ्याच्या पाटीला हात लावायचा नाही. माझ्या आठ मी अक्रोडाच्या मुठीवर विश्वास टाकून भराभर पाडल्या, पिस्तूल रिकामं करून ठेवलं आणि वाट बघत उभी राहिले. एमेटची पहिली पडली. दुसरी पडली. पाचवी चुकली. घड्याळ पळत होतं, शेजारच्या जोड्या केव्हाच संपल्या होत्या. पूर्वीचा एमेट घाईने आणखी तीन गोळ्या उधळून मोकळा झाला असता. या एमेटने हात खाली घेतला, श्वास सोडला, पुन्हा वर केला.

टण्ण!

सहावी. सातवी. आठवी इतक्या उशिरा पडली, की लॉइड टाळ्या वाजवायला लागला तेव्हा पंच घड्याळ थांबवायला विसरले होते.

आमचा नंबर दहावा आला. एमेट दहावा नंबर असा सांगत फिरत होता, जसं काही एकूण जोड्या दहा हजार होत्या.

परत येताना आम्ही हेझलबाईंकडे थांबलो. त्याला साफसफाईचं तेल हवं होतं, असं तो म्हणाला. पण तेलाकडे न जाता तो दुकानाच्या मागच्या भिंतीशी जाऊन उभा राहिला. तिथे बंदुका ठेवायची पोलादी कपाटं होती, माणसाएवढी उंच.

"माझं कपाट लहान आहे," तो कपाटाच्या दाराकडे बघत म्हणाला. "तुझंही लहानच. वेगवेगळी दोन घेण्यापेक्षा... एकच मोठं घ्यावं, असं मनात आलं."

"एकच?"

"दोघांचं." त्याने दाराची मूठ फिरवली, परत फिरवली. "प्रश्न एवढाच आहे, की ते कुठल्या घरात ठेवायचं."

हेझलबाईंची पाठ आज आमच्याकडे नव्हती. त्या काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून चक्क बघत होत्या.

"एमेट स्ट्रँड," मी म्हणाले, "तू मला हे कपाटाचं विचारतोयस की लग्नाचं?"

"तुला ज्याचं उत्तर सोपं वाटेल, ते आधी दे."

"कपाट तुझ्याकडे. माझं घर भाड्याचं आहे आणि जिना अरुंद."

"हं..." त्याने दाराची मूठ सोडली. "आणि दुसऱ्याचं?"

"तेही तुझ्याकडे."

हेझलबाईंनी कुठल्याशा खोक्यातून रुमाल काढला आणि नाक शिंकरलं. एमेट मात्र अजून गंभीर. कपाटावर थाप मारून म्हणाला, "नीट विचार कर ब्रिटा. हे फार जड असतं. एकदा जमिनीला बोल्टने आवळलं की मग हलवता येत नाही."

मी दार उघडून आत डोकावले. वर, खाली, मागे. भरपूर जागा होती.

"म्हणूनच," मी म्हणाले, "चल, जागा आधी नीट मोजून घेऊ."