मनोऱ्यावरचा फोटो

सिस्टरांचा चेहरा ओळखू येत नव्हता. इस्त्रीचं टोक कपाळात रुतून निघालं होतं, डावा डोळा बसला होता आणि दोन्ही हात मनगटापर्यंत रक्ताने माखले होते. शवागाराच्या थंड खोलीत हवालदारांनी तोंडावर रुमाल धरला. नोकरीत त्यांनी पुष्कळ मुडदे पाहिले होते, पण निवृत्तीनंतर ती सवय मोडली होती.

बाई मात्र वाकून हात न्याहाळत होत्या. वकिली सोडून खासगी तपास करायला लागल्यापासून हवालदार त्यांच्या जोडीला होते. बाईंना कशाचीच शिसारी येत नाही, हे एव्हाना त्यांना पाठ झालं होतं.

"हवालदार, उजवा अंगठा पाहा."

"काय आहे त्यात? स्वच्छ तर आहे."

"तेच तर."

पायांत नवे कोरे कापडी बूट होते. एका टाचेवर पट्टी. अंगावर तपकिरी कोट.

बाहेर सिस्टरांची धाकटी बहीण भिंतीला टेकून उभी होती. तिनेच बाईंना बोलावलं होतं. आयुष्यभर इस्पितळात नर्स म्हणून राबलेली तिची ताई निवृत्त झाल्यावर पहिल्यांदाच एकटी फिरायला निघाली होती. आजचं परतीचं तिकीट होतं. काल, शहर पाहण्याच्या शेवटच्या दिवशी, लॉजच्या खोलीत तिचा खून झाला.

"पोलिसांनी तिला फिरवणाऱ्या गाडीवाल्याला धरलंय," बहीण म्हणाली. "पण ताई रोज फोनवर त्याचं कौतुक करायची. मला नाही पटत."

"काल त्यांनी पाठवलेले फोटो आहेत?"

बहिणीने मोबाइल पुढे केला. सकाळी संग्रहालयाचं दार. मग दिवसभर काही नाही. आणि संध्याकाळी शेवटचा: मनोऱ्याच्या कठड्याला टेकलेली सिस्टर, मागे तांबडं आकाश, अंगात तोच कोट, पायांत चामडी चपला, तोंडभर हसू.

"आल्या दिवशीच मनोरा पाहिला म्हणाली होती. आवडला असेल, म्हणून पुन्हा गेली असणार." बहिणीने फोटो बंद केला. "नंतर फोन लागलाच नाही. अजून सापडलेला नाही."

कोठडीत गाडीवाल्याचा ओठ फाटला होता. चौकशी जोरात झाली असावी.

"दुपारी त्यांना लॉजवर सोडलं, मग पुन्हा पाहिलंच नाही, एवढंच मी सांगतोय," तो म्हणाला. "साहेब म्हणतात, खोटं बोलतोस, संध्याकाळी त्या मनोऱ्यावर होत्या."

"तुझ्या गाडीत रक्त मिळालं."

"सकाळी संग्रहालयाच्या पायऱ्यांवर त्यांची चप्पल तुटली, टाच कापली. समोरच्या दुकानातून बूट घेतले आणि चपला कचऱ्यात टाकल्या. फिरायचं सोडून म्हणाल्या, लॉजवर चल, मला एकीशी बोलायचंय. आज नाही बोलले तर कधीच नाही."

"कोणाशी?"

"नाव नाही सांगितलं."

बाहेर येताच हवालदार म्हणाले, "बाई, पोरगा बनेल वाटतो. फोटो काय खोटं बोलेल?"

"फोटो नाही बोलणार," बाई म्हणाल्या आणि झपाझप चालू लागल्या.

लॉजचा मालक अदबशीर होता. खुर्च्या पुसून दिल्या.

"काल दुपारपासून मी इथे नव्हतोच. आमची ही जिन्यावरून घसरली. तिला घेऊन इस्पितळात बसलो होतो. रात्र पडल्यावर परतलो, वर दार उघडं दिसलं आणि... देवा!"

"इस्त्री कोणाची?"

"आमचीच, खाली धुलाईच्या खोलीतली. गिऱ्हाइकं मागून नेतात."

मालकीण दारात उभी होती. कोपर ते मनगट प्लास्टर.

"तळवे दाखवता?" बाईंनी विचारलं.

तिने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग हात पुढे केले. तळव्यांवर साधा ओरखडा नव्हता.

"कुठे मोडलं?"

"मध्ये. करंगळीकडचं हाड," ती पुटपुटली.

"सिस्टरांशी बोलणं व्हायचं?"

"तिला कुठला वेळ!" उत्तर मालकाने दिलं.

बाईंनी इन्स्पेक्टरना आणि बहिणीला तिथेच बोलावून घेतलं. हवालदारांना दाराशी उभं केलं. का, ते त्यांना कळेना.

"इन्स्पेक्टरसाहेब, गाडीवाला खोटा ठरला तो एका फोटोमुळे," बाई म्हणाल्या. "फोटोत सिस्टरांच्या पायांत चपला आहेत. त्या तर सकाळीच कचऱ्यात गेल्या. प्रेत सापडलं ते बुटांत. म्हणजे फोटो आल्या दिवशीचा. काल संध्याकाळी तो फक्त पाठवला गेला."

"पाठवला कोणी? फोनला तर कुलूप असणार!"

"अंगठ्याचं कुलूप. दोन्ही हात रक्ताने भरलेले, आणि एकच अंगठा पुसलेला. मेल्यावर त्यांचाच अंगठा लावून फोन उघडला आणि पुन्हा कुलूप लागू दिलं नाही. खुनी फोन सोबत घेऊन गेला आणि संध्याकाळी फोटो धाडला, म्हणजे तोवर सिस्टर जिवंत होत्या असं वाटावं. याचा फायदा कोणाला? गाडीवाल्याला तर त्याच फोटोने अडकवलं. फायदा त्याला, जो दुपारी इथे होता आणि संध्याकाळी चार लोकांसमोर इस्पितळात बसला होता."

मालक हसला. "बायकोचा हात मोडला म्हणून मी खुनी?"

"घसरणारा माणूस तळवे टेकतो. मनगट जातं, तळवे सोलतात. यांचं करंगळीकडचं हाड मध्येच मोडलंय. असं मोडतं ते वार अडवायला हात आडवा धरल्यावर. सिस्टरांनी आयुष्यभर असे हात बांधले होते, त्या यांचे जुने वळ ओळखून होत्या. ज्या एकीशी बोलायचं होतं, ती हीच. इस्त्री घेऊन तुम्ही वर गेलात, तेव्हा या मध्ये पडल्या."

मालक उठला तो सरळ बायकोच्या अंगावर. हवालदार मध्ये घुसले आणि त्याची मूठ बसली ती त्यांच्या जबड्यावर. दात हलला, पण हवालदारांनी मिठी सोडली नाही. दोघे टेबलासकट कोसळले. इन्स्पेक्टरनी त्याचे हात पिरगाळून बेड्या घातल्या. त्याला बाहेर ओढून नेलं तरी त्याच्या शिव्या ऐकू येत होत्या.

"तुमच्या डोळ्यांदेखत मारलं तिला?" बहीण किंचाळली. "आणि तुम्ही गप्प बसलात?"

"त्या म्हणत होत्या, बॅग भर, उद्या माझ्याबरोबर चल," मालकीण म्हणाली. "मी हो म्हटलं, आणि त्याने ऐकलं. त्यांना वाचवायला गेले, तर हाताचं हाड कडकन वाजलं. नंतर इस्पितळाच्या बाकावर तो माझ्या कानात म्हणाला, आज हात गेलाय, तोंड उघडलंस तर मान जाईल." तिने डोळे मिटले. "खरंच, मी भ्याले हो."

बहीण पुढे झाली. मग तिने पडलेली खुर्ची उचलून मालकिणीजवळ ठेवली आणि तीत बसली.

"ती कशी मेली ते मला सगळं सांगा," ती म्हणाली. "काही गाळू नका."

मालकीण सांगू लागली. हवालदार सुजलेला जबडा धरून दाराबाहेर गेले आणि बाईंनी आतून दार लावून घेतलं.