फिल्टरच्या आतली बाजू

यातलं मी काहीही रंगवलेलं नाही. रंगवायला बसले असते, तर इतकं किळसवाणं मला सुचलंच नसतं.

माझ्या दोन मावसबहिणी. थोरली घरांचे, दुकानांचे फोटो काढते, म्हणून घरात तिला सगळे ‘भिंगवाली’ म्हणतात. धाकटी दातांची डॉक्टर. गेल्या थंडीत धाकटीने नोकरी सोडली आणि स्वतःचा पहिला दवाखाना काढायचं ठरवलं. मिळालेली जागाही एका बंद पडलेल्या दवाखान्याचीच होती. खुर्ची, दिवा, काचेचं कपाट, सगळं जागच्या जागी. जाहिरातीला फोटो हवे होते, आणि ते घरच्या माणसाला सोडून दुसरं कोण फुकटात काढणार?

घडलं ते भरदुपारी. बाहेर रस्ता माणसांनी वाहत असताना.

खोली काडेपेटीएवढी. भिंतीला पाठ टेकवली तरी खुर्ची चौकटीत मावेना, म्हणून भिंगवालीने अल्ट्रा-वाइड लेन्स काढली. हिची पुढची काच बेडकाच्या डोळ्यासारखी बाहेर आलेली असते. नेहमीचे फिल्टर तिच्यावर बसत नाहीत. आधी एक रुंद कडं अडकवायचं आणि त्यात तळहाताहून मोठा फिल्टर बसवायचा.

फरशी फार चकाकत होती. तिने पोलरायझर निवडला. हा फिल्टर फिरवत गेलं की फरशीवरची, काचेवरची चमक विझते.

तिने फिरवला.

फरशीची चमक गेली. कपाटाची गेली.

खुर्चीवर, डोकं टेकतात तिथे... एक चमक तशीच राहिली.

कोन जमला नसेल म्हणून तिने कॅमेरा सरकवला. पुन्हा फिरवला. चमक हलली नाही. शेवटी तिने जाऊन बोट लावलं.

ओलं होतं... आणि कोमट.

“ए धाकटे, खुर्चीवर काय सांडलंयस?”

“मी?” बाहेरच्या खोलीत टेबल घासणारी धाकटी ओरडली. “मी अजून आत पाऊल टाकलेलं नाही. आणि सांडायला पाणी कुठंय? नळ जोडायचाय अजून. बादली शेजाऱ्यांकडून आणलीय.”

भिंगवालीने बोट पँटला पुसलं. चिकटपणा जाईना. नकळत तिने बोट नाकाशी नेलं.

झोपेतून उठलेल्या माणसाच्या तोंडाला येतो, तो वास.

ती कॅमेऱ्याकडे वळली आणि थबकली. फिल्टरवर एक रुंद फराटा होता, खालून वर गेलेला. त्याच्या कडेने बारीक बुडबुडे...

जणू कोणीतरी चाटलं होतं.

तिने फडकं घेतलं आणि पुसलं. फराटा गेला नाही. जोर लावला. तरी नाही. फडकं पाहिलं तर कोरडं ठणठणीत.

फराटा आतल्या बाजूने होता.

फिल्टर आणि लेन्सची काच यांच्यामध्ये जेमतेम बोटभर जागा. तीही कड्याने चहूबाजूंनी बंद.

मी विज्ञान शिकवते. एखादी चमक पोलरायझरने का विझत नाही, याची दोन-तीन कारणं मी देऊ शकते. हा फराटा आत कसा गेला, याचं एकही देता येत नाही.

तिने नाक दाबून सगळं स्वच्छ केलं. आता पुढे फिल्टर लावायचाच नाही, असं ठरवलं. या लेन्सला मागेही एक खाच असते. पातळ फिल्टरचा तुकडा कापून तिथे सरकवला की तो लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बंद होतो. तिने गडद तुकडा निवडला. तो लावून कॅमेरा बराच वेळ उघडा ठेवला, की दाराबाहेरून येणारी-जाणारी माणसं फोटोतून पुसली जातात.

शिवाय तिथे कोणाचं बोट पोचत नाही.

तिने फोटो काढला. रस्ता हवा तसा रिकामा आला. पण सगळ्या खोलीवर दुधट पडदा होता... आणि वरून काहीतरी ओघळत होतं.

तिने लेन्स फिरवून काढली.

चप्प... असा आवाज झाला.

लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये लाळेची तार ताणली गेली. तिने हात लांब केला. आणखी लांब केला.

तार तुटली नाही.

तिला उमळून आलं. जवळ फक्त खुर्चीशेजारचं थुंकायचं भांडं होतं. तिकडे न बघता ती रस्त्यावर धावली आणि गटाराशी वाकली. धाकटी तेव्हा बादली परत द्यायला शेजारी गेली होती.

वरच्या मजल्यावरची घरमालकीण पाणी घेऊन खाली आली. “घे, चूळ भर. आधीच्या डॉक्टरांचंही असंच. पेशंट कमी तपासायचे आणि चुळाच जास्त भरायचे.”

“ते कुठे गेले?”

“जागा सोडून गेले. बाकी आपण कशाला विचारा?”

त्याच संध्याकाळी भिंगवालीने धाकटीला सगळं सांगितलं. धाकटी खो खो हसली.

“ताई, मी दिवसभर लोकांच्या तोंडात हात घालते, आणि तू मला थुंकीची भीती दाखवतेस?”

“ही जागा सोडून दे.”

धाकटीचं हसू मावळलं. “नोकरी सोडून बसलेय मी. सगळ्यांना सांगून झालंय. आता कोणत्या तोंडाने माघार घेऊ?”

दवाखाना सुरू झाला. चाललाही बरा.

मागच्या आठवड्यात भिंगवालीला धाकटीचा फोन आला.

“ताई, त्या फिल्टरचं परत सांग ना. आतूनच ओला होता?”

“का गं?”

“काही नाही... हातमोजे आतून ओले लागतात. नवीन खोका फोडला तरी. आणि मास्कसुद्धा. घालायच्या आधीच.”

“मग काढ तो मास्क आधी! तुझं बोलणंही नीट कळत नाहीये.”

पलीकडून ओला, जड श्वास...

“काढलाय गं. मघाशीच काढलाय.”

आवाज अजूनही कशाच्या तरी आडून येत होता.

तेव्हापासून धाकटी फोन उचलत नाही. ‘मी बरी आहे’ एवढाच मेसेज करते. आज दुपारी मी आणि भिंगवाली तिला आणायला निघालोय.