निनादची मान

२०६८ साली माणूस गेला, तरी त्याची लकब घडी घालून कपाटात ठेवता येत होती. त्यासाठी क्रमवस्त्र मिळे. अंगाला घट्ट बसणारा हा सदरा घालणाऱ्याच्या हालचालींचा क्रम टिपून ठेवी. पुढे तोच सदरा दुसऱ्या कुणी घातला, की विजेच्या सौम्य स्पंदनांनी त्याच्या स्नायूंना त्याच क्रमाने जागं करी.

सत्तर वर्षांची तेजश्री पळसुले असा सदरा घालून गोल्फच्या मैदानावर उभी होती. सदरा तिच्या नवऱ्याचा, निनादचा. त्याला जाऊन आठ महिने झाले होते. समोरचं तळं त्याला तीस वर्षांत एकदाही ओलांडता आलं नव्हतं. दर रविवारी एक चेंडू पाण्याला अर्पण करून स्वारी हसत परत यायची. तो चेंडू एकदा तरी पलीकडे जावा, आणि निनादच्याच फटक्याने जावा, एवढीच तिची इच्छा होती.

"काकू, फटका हातांनी मारतात असं आपल्याला वाटतं," क्रमवस्त्र बनवणारी डॉ. इरा धारप म्हणाली. "पण काठी खाली येताना आधी वजन डाव्या पायावर जातं. मग कंबर वळते, मग छाती, मग हात, आणि काठी सगळ्यात शेवटी. प्रत्येकाने आपला वेग पुढच्याला द्यायचा."

"विहिरीवरून हातोहात घागरी देतात तसं?"

"अगदी तसं! काकांचा क्रम सुरेख आहे हो. फक्त काठी चेंडूला लागायच्या आधीच त्यांची मान उजवीकडे वळते. तेवढं पुसून टाकू? चेंडू नक्की पलीकडे जाईल."

"त्याचे मास्तरही हेच सांगून थकले. चहाच्या टपरीकडे बघत असणार, हावरट कुठला! थांब, एकदा आहे तसा मारू दे."

तिने काठी वर नेली. पुढचं सगळं आपसूक झालं. वजन डाव्या पायावर गेलं, कंबर वळली. चाळीस वर्षं शेजारी वावरलेलं अंग आपल्या अंगातून हलतंय हे जाणवून तिला भरून आलं. मग मान वळली.

टपरी बरीच पलीकडे होती. नजर अलीकडेच, कवठाच्या झाडाखाली थांबली. दर रविवारी तिथे तिची खुर्ची असायची, आणि खुर्चीत ती, शब्दकोड्यात डोकं खुपसून.

चेंडू डुबुक्कन पाण्यात पडला.

"पुसू ना?" इराने विचारलं.

"खबरदार!"

"पण काकू, रोज घातलंत तर महिन्याभरात हा क्रम तुमच्या अंगात मुरेल. मग सदरा काढला तरी मान वळत राहील."

"मुरू दे."

आणि तो मुरला. आता तेजश्री सदऱ्याशिवाय खेळते, आणि दर रविवारी तिचा चेंडू पाण्यात जातो. कवठाखाली तिने खुर्ची पुन्हा मांडली आहे. फटका पुरा व्हायच्या आत तिची मान वळते, आणि खुर्चीतली बाई आपल्याकडे बघतेय का, ते शोधते. तीस वर्षांत त्या बाईने एकदाही मान वर केली नव्हती.