तेहेतिसाव्या पानानंतर

सिरो पहिल्यांदा आला तेव्हा माझ्या हातात स्क्रूड्रायव्हर होता आणि तोंडात मेदियालुनाचा, म्हणजे चंद्रकोरी गोड पावाचा, अर्धा तुकडा. म्हणून पहिलं वाक्य त्याचं.

"इथे कॉम्प्युटर जिवंत करून देतात म्हणे?"

मी नुसती मान हलवली. त्यानं मधाचा एक रिकामा डबा टेबलावर ठेवला. आत फडकं, फडक्यात एक हिरवी पाटी – पत्त्यांच्या कॅटाएवढी, उघडीबोडकी. अख्खा संगणक तेवढाच.

"मी नदीतल्या समोरच्या बेटावर राहतो. मधमाश्या पाळतो. तिकडे वीज नाही, एक सौर पॅनेल आहे आणि ट्रकची जुनी बॅटरी. राहिलेली शाळा पुरी करायचीय. हे यंत्र कमी खातं म्हणतात."

"किती वर्षं राहिलीय?"

"शाळा? दोन. मी पंचवीस वर्षांचा आहे, ते तू विचारलं नाहीस… पण सांगून टाकलं."

घास गिळला. हसू मात्र गिळता आलं नाही.

थांबा, घाई झाली. मी आयलेन. सकाळी बेकरीत, दुपारी रोसारिओ शहरातल्या आमच्या मोहल्ला-वाचनालयात. लोकांनी टाकून दिलेले टीव्ही आणि असल्या हिरव्या पाट्या जोडून मी त्यांवर लिनक्स ही फुकट संगणक-प्रणाली चालवते. अशा पाटीला पोटात डिस्क नसते. नखाएवढ्या कार्डावर सगळं – खिडक्या, चित्रं, पत्रं, अर्धवट वाक्यं. नवीन माणूस आला की आमच्याकडच्या मूळ कार्डाची नक्कल करून त्याला द्यायची, एवढीच आमची रीत.

मूळ कार्ड काळं. माझंही काळं. दोन्हींवर काही लिहिलेलं नाही.

आणि तो मे महिन्यातला शनिवार, आणि तो टेबलावर कोपर टेकून माझ्याकडे बघत होता, आणि मी –

पुढचं तुम्हाला कळलं. मला कळायला तीन महिने लागले.

*

तो दर पंधरा दिवसांनी येऊ लागला. तक्रारी घेऊन.

"पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकते."

"केबल बारीक आहे. पुरेसा दाब मिळत नाही पाटीला. जाड केबल घे."

पंधरा दिवसांनी:

"घड्याळ चुकतं. मंगळवारी बंद केलं, शुक्रवारी लावलं, तरी मंगळवारच दाखवतं."

"या पाटीत घड्याळाची बॅटरीच नसते. इंटरनेट मिळालं तरच तिला वेळ कळते. नाहीतर झोपली त्याच क्षणाला जागी होते."

"बरंय की… म्हणजे गेल्या वेळी मी इथून उठलो ना, त्यानंतर काहीच घडलेलं नाही."

"घडलंय. मी केस कापलेत."

"ते दिसलं. दारातूनच."

असा. नदीचा वास असलेला शर्ट, उन्हानं पिवळ्या पडलेल्या भुवया. जाताना दाराशी थांबायचा, काहीतरी विचारायला तोंड उघडायचा – आणि नुसताच "बरं" म्हणून जायचा. मला वाटायचं, मंद आहे जरा. मग वाटायचं, मंद असला तरी… मग मी उठून विनाकारण खुर्च्या लावायचे. मला एका जागी बसवत नाही. शाळेत बसवलं नाही, रोसारिओतही बसवत नव्हतं. म्हणून तर ते चित्रांचं पुस्तक काढत होते.

चाळीस पानं, काळ्या रेघांची. सायकलवरून पाव वाटणाऱ्या एका मुलीची गोष्ट. मेक्सिकोतल्या एका चित्रशाळेत दोन वर्षांची शिष्यवृत्ती होती आणि एकतीस ऑगस्टला दुपारी बारापर्यंत पुस्तक पाठवायचं होतं. दुसरी कुठलीही वाट मला या गावाबाहेर नेत नव्हती. सगळ्या तपासून झाल्या होत्या.

*

ऑगस्टचा शेवट. दरवर्षी याच दिवसांत येणारं सांता रोसाचं वादळ आज येतं, उद्या येतं. हवा गच्च, कुत्री उगाच भुंकतायत, नेलिदाबाई – आमच्या ग्रंथपाल – माते नावाच्या कडू चहाची किटली घेऊन खिडकीशी जा-ये करतायत. शनिवारी दुपारी दिवे एकदा मिचमिचले. माझं पुस्तक नेमकं तेव्हाच कार्डावर जतन होत होतं.

पुन्हा चालू केलं. काळ्या पडद्यावर एक पांढरी ओळ. तिच्यापुढे काहीच नाही.

चारदा केलं. दुसऱ्या पाटीत घालून केलं. फुंकर मारली – लाज वाटते सांगायला, पण मारली.

"दुसरी प्रत असेल ना, पोरी?" नेलिदाबाई म्हणाल्या. "दर शनिवारी दहा जणांना दटावत असतेस, प्रत काढून ठेवा म्हणून."

मी कार्ड काढून तळहातावर धरलं, तेवढं एकच होतं. त्यांना समजलं. त्यांनी माते भरून माझ्या हातात दिलं आणि मन दुसरीकडे वळवायचं म्हणून की काय, बोलायला लागल्या.

"तो बेटावरचा मुलगा बाई भलताच. परवा तू नव्हतीस तेव्हा विचारत होता, त्या सायकलवाल्या मुलीच्या गोष्टीचा पुढचा भाग कधी येणार? अख्खी कपाटं पालथी घातली मी. आपल्याकडे नाहीच असलं पुस्तक."

माते माझ्या हातात तसंच निवत गेलं. मे महिन्यात मी मूळ कार्डाऐवजी माझ्याच काळ्या कार्डाची नक्कल त्याला दिली होती.

*

रविवारी सकाळी बेटांवर किराणा नेणाऱ्या लाँचनं गेले. पाठीवर पिशवी, तिच्यात चित्रं काढायचा पेन-टॅबलेट. पाणी शिशासारखं. सिरो धक्क्यावर जाळं सोडवत होता. मला बघून उभा राहिला. जाळं पायात.

"घड्याळ चाललंय," तो म्हणाला. "तक्रार नाही काही."

"माझी आहे. तू माझं पुस्तक वाचलंस."

कान लाल झाले त्याचे. "मला वाटलं, कॉम्प्युटरबरोबर सगळ्यांनाच देता. पहिली दहा पानं तसंच वाटलं. मग त्या मुलीनं तोंडात मेदियालुना धरून मान हलवली… आणि कळलं कोण आहे ते."

"मग सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर तू कार्ड परत घेतलं असतंस. तेहेतिसाव्या पानावर संपतं ते. ती पुलावर सायकल थांबवते आणि खाली बघते. तीन महिने तिथेच उभी आहे ती, आयलेन. तीन महिने मी दर पंधरवड्याला विचारायला येतो आणि केबलबद्दल बोलून परत जातो."

पुढची सात पानं मेनंतर काढलेली. ती आता जगात कुठेच नव्हती.

"माझं कार्ड मेलं. उद्या बारापर्यंत मेक्सिकोच्या शिष्यवृत्तीसाठी पुस्तक पाठवायचंय," मी म्हणाले. "आज वाचनालय बंद. उरलेली पानं तुझ्या पाटीवर काढू देशील?"

"पाठवलंस आणि निवड झाली… तर जाशील?"

"जाईन."

त्यानं मान डोलावली. घरात गेला आणि फ्रिजची वायर काढली.

"आत मासा असेल ना?"

"आज खाऊन टाकू."

*

बॅटरी, बावन्न टक्के. तीन दिवस ऊन नाही. पाटी जेमतेम खाते, पण पडदा खातो. रंगवायचा प्रोग्रॅम उघडायला दीड मिनिट, मोठं चित्र असलं की पडद्यावरचा बाण चिखलात रुतल्यासारखा. चौतिसावं पान झालं.

बॅटरी, एक्केचाळीस. त्यानं पाण्याचा पंप बंद केला. अंगणातून बादल्या आणू लागला.

"बघू नकोस."

"बघत नाहीये. बादली ठेवतोय."

"बादली तिकडे ठेव."

बॅटरी, तेहेतीस. वादळ आलं. पत्र्यावर पाऊस असा की एकमेकांना ओरडून सांगावं लागे. त्यानं रेडिओ बंद केला, मग दिवा. भर दुपारी अंधार, नुसता पडदा उजळ, आणि त्या उजेडात त्याचे हात – मासा साफ करत असलेले. सदतिसावं पान झालं. मी पडद्याचा उजेड अर्धा केला. तो जवळ सरकला, कारण आता सुरी दिसत नव्हती. असं तो म्हणाला.

"सुरी खाली ठेव मग."

ठेवली.

बॅटरी, अठरा.

चाळिसावं पान. आधी मी ते काढलं होतं तेव्हा मुलगी बसमध्ये चढते आणि मागे वळून बघत नाही. झटक्यात काढलं होतं. आता बस काढली, दार काढलं, मुलगी काढली – आणि हात तिला आत नेईना. खोडलं. पुन्हा. खोडलं.

"काय झालं?"

"चढत नाहीये."

"घाई आहे का तिला?"

"मला आहे. बॅटरी चौदावर आलीय."

तो पहिल्यांदा पडद्याकडे बघायला आला. मी अडवलं नाही. मुलीचा एक पाय पायरीवर, एक जमिनीवर. तो खूप वेळ बघत राहिला. पावसाचं पाणी त्याच्या कोपरावरून माझ्या मनगटावर पडत होतं.

"जाते की राहते?"

"माहीत नाही मला," मी म्हणाले. "मे महिन्यात माहीत होतं. तुझ्यामुळे बिघडलं."

"माझ्यामुळे?"

"तू दाराशी थांबून नुसतंच 'बरं' म्हणायचास. मी तो 'बरं' घरी घेऊन जायचे. दोन आठवडे पुरवायचे." हे मी ओरडून सांगितलं. पाऊस होता. नसता तर सांगितलं नसतं.

त्याला ऐकू गेलं. त्यानं पुढे केलेला हात मध्येच थांबवला, मग माझ्या केसांवर ठेवला – ओला, माशाचा वास असलेला.

"तसंच राहू दे पान," तो माझ्या कानाशी म्हणाला. "आणि जतन कर आधी. मग बाकीचं."

जतन केलं. दोनदा. मग बाकीचं.

पलीकडच्या घरात त्याची मावशी राहते; रात्री मी तिच्या खोलीत झोपले. मावशी घोरते. तसंही झोप येणार नव्हतीच.

*

सोमवारी नदी तांबडी, फांद्या वाहतायत. त्यानं बोट इतकी जोरात काढली की माझे दात वाजले. त्याचं कार्ड घेऊन मी वाचनालयात पोचले तेव्हा अकरा वाजून चाळीस. नेलिदाबाईंनी एक अक्षर न बोलता खुर्ची ओढून दिली. अकरा एक्कावन्नला पुस्तक गेलं.

बाहेर येऊन नदीवर गेले. तो धक्क्यावर डब्यानं बोटीतलं पाणी उपसत होता.

"उत्तर कधी?"

"सहा आठवड्यांनी."

"तोवर काय करशील? बसवत नाही तुला."

"तेच ना."

त्यानं डबा बाजूला ठेवला. "उद्या सप्टेंबर, म्हणजे आपल्याकडे वसंत. मधमाश्यांच्या पेट्यांवर पेट्या चढवायच्यात, मला माणूस हवंय. सहा आठवड्यांचंच काम आहे. नंतर तू मेक्सिकोला गेलीस तर… मी पोचवायला येईन. रडेन, ते आत्ताच सांगून ठेवतो."

"मधमाश्या चावतात का?"

"चावतात."

मी बूट काढून हातात घेतले आणि बोटीत उतरले.